शुगर असलेल्या माणसासाठी घरचा केक: साखरेआधी तुकडा मोजा

आप्पांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी गुळाचा केक केला होता. २५० ग्रॅम गव्हाचं पीठ, २५० ग्रॅम गूळ, वरून अक्रोडाचे तुकडे. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे गुळाविरुद्ध आमच्या घरात अवाक्षर चालत नाही. आप्पांना शुगर निघाली त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत केक कापला की ते पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे. त्या दिवशी मात्र ते टेबलाशी बसले. "गुळाचाच आहे की, काय होत नाही," म्हणत त्यांनी तीन तुकडे खाल्ले. तिसरा मीच आग्रह करून वाढला. दोन तासांनी आईने बोटाला सुई टोचून बघितलं, तर मशीनवर २६८. एरवी जेवणानंतर आप्पांची शुगर १६० च्या आसपास असायची.

रात्री वही घेऊन हिशेबाला बसले. पिठातून साधारण १८० ग्रॅम कर्बोदकं (म्हणजे पिठूळ-गोड भाग, पचल्यावर ज्याची रक्तात साखर होते), गुळातून २०० च्या वर. दहा तुकडे पाडले होते, म्हणजे एकेका तुकड्यात जवळजवळ ४० ग्रॅम. मध्यम आकाराच्या एका पोळीत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. म्हणजे आप्पांनी पोटभर जेवणावर आणखी सहा पोळ्या खाल्ल्या होत्या आणि त्या मी वाढल्या होत्या.

त्यानंतर सहा वर्षं मी घरात शुगरवाल्या माणसांसाठी भाजते आहे. आधी आप्पांसाठी, मग सासूबाईंसाठी, आता शेजारपाजारच्यांसाठीही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तेव्हा केक कापताना हात मागे घेणारं माणूस बहुतेक घरांत आहेच. पहिल्यांदाच ओव्हन लावणाऱ्यांसाठी हे सगळं लिहिते आहे. यातलं सर्वात महत्त्वाचं आधी सांगून टाकते: रक्तातली शुगर वाढवते ती फक्त साखर नव्हे. पीठही वाढवतं आणि तुकड्याचा आकारही वाढवतो. 'बिनसाखरेचा' एवढाच शब्द ऐकून वाढाल, तर माझ्यासारखं होईल.

पहिली पायरी: डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा

एक, एका वेळच्या चहासोबतच्या खाण्यात किती ग्रॅम कर्बोदकं चालतील? दुसरा, खाल्ल्यावर दोन तासांनी शुगर कितीच्या आत हवी? सर्वसाधारणपणे १८० च्या आत असावी असं सांगतात, पण वय, औषधं, किडनी, हृदय यांवर तो आकडा बदलतो. किडनीचा त्रास असेल तर बदाम, शेंगदाणे, कोको, नाचणी यांतल्या पोटॅशियम आणि फॉस्फरसविषयीही विचारा. माझ्या रेसिपीत हेच पदार्थ भरपूर आहेत. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) असलेलं मूल घरात असेल, तर त्याच्या इन्सुलिनचा डोस बहुधा कर्बोदकांच्या हिशेबाने ठरतो. तिथे अंदाजाने केलेला केक उपयोगाचाच नाही, प्रत्येक जिन्नस तोलायला हवा.

आणि सडपातळ माणसाला 'तुला काय होतंय' म्हणून जास्त वाढू नका. आपल्याकडची माणसं वरून बारीक दिसली तरी अंगात चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षांच्या संशोधनातून दाखवलं आहे. आमचे आप्पा काठीसारखे आहेत.

दुसरी पायरी: वजनकाटा आणा

ओव्हनपेक्षा वजनकाटा आधी घ्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. वाटीने मोजलेलं गव्हाचं पीठ कधी १०० ग्रॅम भरतं तर कधी १३५, दाबून भरलं की सैल यावर अवलंबून. नेहमीच्या केकला त्याने फारसं बिघडत नाही. इथे मात्र प्रत्येक तुकड्याचा आकडा काढायचा आहे.

बाकी सामान थोडंच लागतं: सात इंची चौकोनी डबा, बटर पेपर, चाळणी, अंडी फेटायचं तारेचं फेटणं, ५ मिलीचा छोटा चमचा आणि १५ मिलीचा मोठा चमचा. ओटीजी (ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन) असेल तर उत्तम. नसेल तर जुना जाड कुकर चालतो. शिट्टी आणि रबर काढून टाकायचं, तळाशी दोन वाट्या मीठ पसरून त्यावर जाळी ठेवायची, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचा आणि मग डबा आत ठेवून आच मंद करायची. पाणी घालायचं नाही. ज्या कुकरमध्ये रोज भात लावता तो यासाठी वापरू नका.

तिसरी पायरी: साखर काय काय करते ते समजून घ्या

इथे थोडं थांबते, कारण नवशिक्यांचे पहिले चार केक इथेच फसतात. साखर काढून टाकली आणि बाकी कृती तशीच ठेवली, तर हातात येतो पांढरट, कोरडा, दडस गोळा.

साखर केकमध्ये गोडीशिवाय निदान चार कामं करते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून केक दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतो. लोण्याबरोबर फेटली की तिचे कण लोण्यात हवा कोंडतात, त्यातून केक हलका होतो. ती पिठातल्या ग्लुटेनला (गव्हातल्या चिवट प्रथिनाला) फार घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे घास मऊ राहतो. आणि तापल्यावर तीच तांबूस होते. केकचा रंग आणि खमंग वास निम्मा तिच्यामुळेच असतो. बिस्किटांत आणखी एक गोष्ट घडते. ओव्हनमध्ये साखर वितळते आणि बिस्किट पसरतं. साखर कमी केली की बिस्किट ज्या आकारात ठेवाल त्याच आकारात बाहेर येतं.

म्हणून साखर काढताना ही चारही कामं दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावी लागतात. ओलाव्यासाठी दही. हवेसाठी नीट फेटलेली अंडी. मऊपणासाठी बदामाची पूड किंवा दाण्याचं कूट, कारण त्यात तेल आहे आणि ग्लुटेन नाही. रंगासाठी कोको किंवा नाचणी. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलीही रेसिपी तुम्ही स्वतः बदलू शकता. साधारण अनुभव असा, की नेहमीच्या रेसिपीतली साखर निम्म्यापर्यंत कमी केली तरी केक तग धरतो. त्याखाली जायचं असेल तर रेसिपीच नव्याने मांडावी लागते.

चौथी पायरी: गोडीसाठी काय घालायचं

गूळ, काकवी, मध, खजूर, नारळाची साखर: रक्तातल्या शुगरच्या दृष्टीने ही सगळी साखरच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, पण १०० ग्रॅम गुळात ८० ग्रॅमहून जास्त साखरच असते. खजुराच्या वजनाचाही दोन तृतीयांश भाग साखर असतो. 'नॅचरल' म्हणून खजुराची पेस्ट घालून केलेला केक शुगरवाल्याला वाढणं म्हणजे माझ्या गुळाच्या केकचीच पुनरावृत्ती. पिकलेलं केळं त्या मानाने बरं, १०० ग्रॅमला २२-२३ ग्रॅम कर्बोदकं, पण तीही मोजायला हवीत.

मग साखरेऐवजीच्या पावडरी. स्टेव्हिया पानांपासून काढतात, भारतात अन्नपदार्थांत वापरायला २०१५ पासून परवानगी आहे. ती साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड, त्यामुळे चिमूटभर लागते. पण चिमूटभर पावडर साखरेची बाकीची कामं करत नाही आणि जरा जास्त झाली की जिभेवर कडसर चव मागे राहते. एरिथ्रिटॉल दिसायला साखरेसारखं, गोडी साखरेच्या ७० टक्के, शुगर जवळजवळ वाढवत नाही. खाताना पेपरमिंटसारखा थंडावा जाणवतो आणि केक गार झाल्यावर त्याचे खडे होतात, म्हणून मिक्सरमधून पिठीसारखं काढून घालावं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्या लोकांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात जास्त आढळले. त्याचं कारण एरिथ्रिटॉलच असं त्यातून सिद्ध होत नाही, पण आप्पांना हृदयाचाही त्रास आहे, त्यामुळे मी त्यांच्यासाठी ते वापरत नाही. सुक्रालोज १२० अंशांच्या वर तापवलं तर नको ती क्लोरीनयुक्त संयुगं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ साली दिला. त्यामुळे ओव्हनमध्ये मी ते घालत नाही. अस्पार्टेमची गोडी तर भाजताना उडूनच जाते.

पाकिटं उलटून बघायची सवय लावा. काही पावडरींत जिन्नस म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन असतं. ते स्टार्चचंच रूप आहे आणि शुगर झपाट्याने वाढवतं. तयार 'शुगर फ्री' बिस्किटांत बऱ्याचदा माल्टिटॉल असतं. साखरेपेक्षा कमी, पण तेही शुगर वाढवतं आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. पाकिटावर 'साखर घातलेली नाही' लिहिलं आहे म्हणून आत साखर नाही असं समजू नका, खजूर किंवा फळांचा गर असू शकतो. मागच्या तक्त्यात 'एकूण कर्बोदकं' ही ओळ शोधा. तुमच्या कामाची ओळ तीच.

मी स्वतः काय करते? थोडी खरी साखर घालते. २०० ग्रॅमच्या जागी ४०. एवढी साखर केकला केकपण देते, बारा तुकड्यांत विभागली की तुकड्यामागे साडेतीन ग्रॅमसुद्धा येत नाही आणि कुठलीही परकी चव लागत नाही. ज्यांच्या डॉक्टरांनी तेवढीही नको म्हटलं आहे त्यांनी स्टेव्हिया किंवा एरिथ्रिटॉल घ्यावं.

गोडीचा भास वाढवणारे पदार्थही असतात. जायफळ, वेलची, व्हॅनिला, दालचिनी, संत्र्याची किसलेली साल, आणि चिमूटभर मीठ. आपली पुरणपोळी तोंडाशी नेताना जायफळाचा वास आधी येतो आणि जीभ गोडाची तयारी करून बसते, इथेही तेच. कोकोच्या केकमध्ये अर्धा छोटा चमचा कॉफी पावडर घातली की कोको उठून येतो. जिभेलाही वेळ द्या. पहिल्या खेपेला घरातले 'फिकं आहे' म्हणतील. तीन-चार आठवड्यांत त्यांनाच बेकरीची पेस्ट्री मिठ्ठ लागायला लागते, हे मी तीन घरांत पाहिलं आहे.

पाचवी पायरी: पीठ निवडा

१०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात. गव्हाच्या पिठात आणि नाचणीत त्याहून थोडीशीच कमी. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. गहू-नाचणीचा फायदा त्यातल्या तंतूंमुळे (फायबरमुळे), साखर रक्तात जरा सावकाश जाते एवढाच. नाचणीत कॅल्शियमही चांगलं असतं. खरा फरक पडतो तो डाळी आणि तेलबियांनी. बेसनात ५८ ग्रॅमच्या आसपास आणि वर प्रथिनं २२ ग्रॅम. बदामात २०-२२ ग्रॅम, त्यातले निम्म्याहून जास्त तंतू. शेंगदाण्यात तर १६ ग्रॅमच्या आसपास. बदाम महाग वाटत असतील तर कोकोच्या केकमध्ये दाण्याचं कूट बिनधास्त वापरा. उपासाच्या घरात ते डबाभर असतंच.

बदामाची पूड घरीच करा. कोरडे बदाम अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, त्यांत चमचाभर गव्हाचं पीठ घाला आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलात तर तेल सुटून लगदा होतो.

सहावी पायरी: पहिला केक

नाचणी, बदाम आणि कोकोचा. सामान असं: गव्हाचं पीठ ८० ग्रॅम, बदामाची पूड किंवा दाण्याचं कूट १०० ग्रॅम, नाचणीचं पीठ ४० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर १५ ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, घट्ट दही १५० ग्रॅम, दूध ६० मिली, अंडी दोन, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल ६० मिली, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर, व्हॅनिला, किसलेलं जायफळ आणि ती कॉफी.

आधी नाचणी दही-दुधात कालवून २० मिनिटं झाकून ठेवा. हे टाळू नका. नाचणी कोरडीच घातली तर भाजून झालेल्या केकमध्येही दाताखाली बारीक रेती आल्यासारखं लागतं. भिजली की ती फुगते, मऊ होते, आणि केक दोन दिवस ओलसर राहतो.

तेवढ्यात ओव्हन १७० अंशांवर तापत ठेवा. नेहमीच्या केकला १८० चालतं, पण बदामातलं तेल लवकर करपतं. गव्हाचं पीठ, कोको, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून घ्या, मग त्यात बदामाची पूड हाताने मिसळा. दुसऱ्या भांड्यात अंडी आणि साखर फेटायला घ्या. अंडी फ्रीजमधून तासभर आधी काढलेली असावीत. चार-पाच मिनिटं फेटा, मिश्रण पिवळट पांढरं आणि फेसाळ होईपर्यंत. फेटणं उचललं की धार क्षणभर वर तरंगली पाहिजे. साखर कमी असल्यामुळे केकमधली बरीचशी हवा इथूनच येणार आहे. मग तेल बारीक धारेने सोडत फेटत राहा, त्यात भिजलेली नाचणी, व्हॅनिला, जायफळ, कॉफी घाला, आणि शेवटी कोरडं मिश्रण दोन हप्त्यांत. आता फेटायचं नाही. उलथण्याने तळापासून वर आणत हलक्या हाताने एकत्र करा. पीठ इडलीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट दिसेल. फार घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे दूध.

बटर पेपर लावलेल्या डब्यात ओता आणि २८ ते ३५ मिनिटं भाजा. कमी साखरेच्या केकचा रंग बघून काही कळत नाही, त्यात हा कोकोचा. २८ व्या मिनिटाला मधोमध सुरी खुपसून बघा. कोरडी निघाली, बोटाने हलकं दाबल्यावर केक परत वर आला आणि कडा डब्यापासून सुटल्या, की झालं. पाच मिनिटं जास्त ठेवलात तर कोरडा पडेल. साखर कमी असल्यामुळे चुकीला सवड कमी असते. डब्यात दहा मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार. गरम कापला तर भुगा होतो.

चार बाय तीन असे बारा तुकडे पाडा. एका तुकड्यात साधारण १४ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एका पोळीपेक्षा कमी. २०० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम साखरेच्या नेहमीच्या केकचे बारा तुकडे केले तर एकेकात २९-३० ग्रॅम येतात.

अंडी चालत नसतील तर एक मोठा चमचा इसबगोल ८० मिली दुधात दहा मिनिटं भिजवून अंड्यांच्या जागी घाला, आणि साखर दह्यातच विरघळवा. केक कमी फुगतो, पण धरून राहतो, आणि तुकड्यामागे जेमतेम ग्रॅमभर कर्बोदकं वाढतात.

सातवी पायरी: नानकटाई

माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायची. संध्याकाळी आप्पा सायकलवरून पत्र्याचा डबा घेऊन यायचे, अजून कोमट, वर आमच्या नावाची चिठ्ठी. वेलचीचा वास जिन्यापासून यायचा. शुगर निघाल्यावर आप्पांनी सगळ्यात आधी सोडली ती नानकटाई, म्हणून मी ती सोडली नाही.

बेसन १०० ग्रॅम कोरडंच मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजा. कच्चा वास गेला पाहिजे, रंग फार बदलता कामा नये, ओव्हनमध्ये ते अजून भाजलं जाणार आहे. पूर्ण गार करा. ९० ग्रॅम रवाळ, थिजलेलं तूप आणि ३० ग्रॅम पिठीसाखर हाताने फेसा, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. वितळलेलं तूप घेतलंत तर नानकटाई कडक होते. मग ते बेसन, ६० ग्रॅम गव्हाचं पीठ, ६० ग्रॅम बदामाची पूड, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, वेलची, जायफळ, किंचित मीठ. मळू नका, फक्त गोळा जमवा. भेगा पडून जमत नसेल तर चमचाभर दूध. वीस मिनिटं फ्रीजमध्ये.

मग वजन करून चोवीस गोळे, प्रत्येकी १४ ग्रॅमचे. साखर कमी आहे, पसरणार नाहीत, म्हणून अंगठ्याने दाबून चपटे करा आणि मधे पिस्त्याचा काप बसवा. १६० अंशांवर १६ ते १८ मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ असतील, घाबरून परत आत ढकलू नका. ट्रेवरच गार होऊ द्या, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. एका नानकटाईत सुमारे ६ ग्रॅम कर्बोदकं आणि ७५-८० कॅलरी. दोन खा. तूप आहे, त्यामुळे शुगर वाढली नाही तरी वजन वाढेल, आणि वजन वाढलं की शुगर मागून येतेच.

वाढदिवस असेल तर वरून काय?

आयसिंग शुगर आणि क्रीम विसरा. दही रात्रभर टांगून चक्का करा, वेलची आणि दुधात खललेलं केशर घालून फेटा. गोड हवंच असेल तर इथे स्टेव्हियाचे थेंब घाला. केक पूर्ण गार झाल्यावर लावा आणि त्याच दिवशी संपवा. आप्पांच्या पंच्याहत्तराव्याला हाच केक होता. वरून डाळिंबाचे थोडे दाणे. त्यांच्या तुकड्यावर एक जास्तीचा चमचा चक्का मी घातला आणि दोन तासांनी मशीनवर १६३ आलं.

खायचं कसं

रिकाम्या पोटी नको, आणि भरल्या जेवणावर जास्तीचा म्हणूनही नको. जेवणानंतर खायचा असेल तर त्या जेवणातली एक पोळी किंवा तेवढाच भात कमी करा. नंतर दहा-पंधरा मिनिटं चालून या. पहिल्या खेपेला खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर तपासा, दोन्ही आकडे आणि तुकड्याचं वजन वहीत लिहा. तोच केक दोन माणसांत वेगळा वागतो. सासूबाईंना नाचणीपेक्षा बेसन जास्त मानवतं, हे मला वहीमुळेच कळलं.

दोन गोष्टींचा इशारा देते, कारण दोन्ही आमच्या नात्यात घडल्या आहेत. लग्नकार्यात 'आज गोड खाणार आहे' म्हणून कुणी गोळी दुप्पट घेत असेल तर थांबवा. औषधाचा डोस डॉक्टरांनीच बदलायचा. आणि शुगर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हातपाय थरथरले, तर हा केक देऊ नका. त्यात साखर कमी आणि तेल-बदाम जास्त, तो कामाला लागेपर्यंत उशीर होतो. अशा वेळी साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर, १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. साखरेची पुडी घरात आणि त्यांच्या खिशात कायम असू द्या.

ठेवायचं कसं, द्यायचं कसं

साखर पदार्थ टिकवते, त्यामुळे हा केक बाहेर फार तर एक दिवस, पावसाळ्यात तेवढाही नाही. फ्रीजमध्ये बंद डब्यात तीन-चार दिवस. मी तर केला त्याच दिवशी तुकडे सुटे सुटे गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकते. महिनाभर राहतात, आणि अख्खा केक समोर नसल्यामुळे दुसऱ्या तुकड्याकडे हात जात नाही. खायच्या अर्धा तास आधी काढायचा. नानकटाई घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस चांगली राहते.

कुणाला द्यायचा झाला, तर डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवल्याशिवाय देऊ नका. माझ्या चिठ्ठीवर एवढंच असतं: 'नाचणी-बदाम केक. एक तुकडा, १४ ग्रॅम कर्बोदकं. साखर आहे, थोडी. बदाम, गहू, दूध, अंडी आहेत. एका वेळी एकच.'